मागच्या सीटवरचे अण्णा

हुक्केरीकर अण्णा गाडीची टेस्ट ड्राइव्ह घ्यायला जातात आणि मागच्या सीटवर बसतात. मागे, डावीकडे, काच खाली करून, उजव्या मुठीत एक लिंबू धरून. गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की डोळे मिटतात, ते परत फाटकात येईपर्यंत उघडत नाहीत. चालवत असतो शोरूमचाच माणूस. तो बिचारा आरशातून बघत सांगत असतो, सर हा टचस्क्रीन, सर हा रिव्हर्स कॅमेरा. अण्णा लिंबाचा हात वर करून म्हणतात, "स्वल्प गप्प बसा हो. मी बसायलोय."

रिंग रोडवरच्या सगळ्या शोरूममध्ये त्यांना 'बॅक सीट अंकल' म्हणतात. नवीन लागलेला एखादा सेल्समन अदबीनं पुढचं दार उघडतो. अण्णा तितक्याच अदबीनं ते लावून टाकतात. "पुढून सगळ्याच गाड्या चांगल्या असतात," असं त्यांचं म्हणणं आहे.

या माणसाच्या सल्ल्यानं मी दोन वर्षं गाडी घेतली नाही. तेव्हा ही हकीकत अण्णांची असली तरी त्यातल्या मूर्खपणात निम्मा वाटा माझा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी मूळचा साताऱ्याचा. नाव मंदार पाटणकर. बंगळुरात येऊन अकरा वर्षं झाली. मारतहळ्ळीच्या मागच्या अंगाला एका तीनमजली इमारतीत मी आणि माझी बायको प्राजक्ता दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि अण्णा नि त्यांची बायको अक्का तळमजल्यावर. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे कुठलाही साधा प्रश्न रकान्यांत मांडल्याशिवाय मला त्याचं उत्तर सुचत नाही, आणि मांडल्यावर तर मुळीच सुचत नाही. छोटी, परवडणारी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी बेचाळीस रकान्यांचा तक्ता केला. किंमत, मायलेज, डिकी, एअरबॅगा, पेला ठेवायच्या खाचा किती, इथपर्यंत. प्राजक्तानं तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "माझ्या वेळी किती कॉलम होते रे?"

"तुझ्या वेळी आईनं बघितलं होतं," मी म्हणालो. हे उत्तर चुकलं, असं पुढं दोन दिवस जाणवत राहिलं.

त्याच तक्त्याची छापील प्रत घेऊन मी एकदा खाली पार्किंगमध्ये टेप लावून जागा मोजत होतो. शेजारी अण्णांची जागा. तिथं कधीच गाडी नसायची. अक्का तिथं पापड वाळत घालायच्या. अण्णा बाहेर आले, माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि म्हणाले, "सगळं लिहिलंय की हो. मागची काच किती खाली जाते, ते कुठाय?"

मी म्हणालो, ते नाही बघितलं.

"मग काय बघितलं?" अण्णांनी खिशातून एक पिवळा पुठ्ठ्याचा टॅग काढला, सुतळीनं माझ्या कागदाला बांधला आणि म्हणाले, "थांबा स्वल्प. नवीन मॉडेल यायलंय."

या टॅगचं सांगायला हवं. अण्णा मूळचे बेळगावकडचे, पण चौतीस वर्षं इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावरून जायचा. बरोबर असेल त्याला हिरवा टॅग, चुकला असेल त्याला लाल, आणि नक्की सांगता येत नसेल त्याला पिवळा, म्हणजे 'होल्ड'. निवृत्त झाले त्या दिवशी अण्णांनी खणातला पिवळ्या टॅगांचा गठ्ठा तेवढा घरी आणला. त्यात चुकून एक हिरवा आला होता, तो त्यांनी पाकिटात ठेवून दिला. लाल एकही नाही. "बाद करायला काय अक्कल लागते?" म्हणतात.

तेव्हापासून त्यांच्या घरात जे जे ठरायचं राहिलंय त्याला पिवळा टॅग असतो. पिकतोय की नाही कळत नाही अशा फणसाला, पाणी शुद्ध करायच्या यंत्राला, लग्नाच्या आमंत्रणाला. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा आमच्या दाराच्या कडीलाही एक होता. प्राजक्ताला वाटलं, दूधवाल्याची काहीतरी खूण असेल. पाच महिन्यांनी तो आपोआप नाहीसा झाला आणि त्याच दिवशी अक्कांनी वर पुरणपोळ्या पाठवल्या.

असा मी अण्णांच्या नादी लागलो. दर शनिवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा जिन्याखाली उभे असायचे आणि मी तक्ता घेऊन उतरायचो. गाड्यांची कंपनीनं दिलेली नावं अण्णा कधी घेत नाहीत. त्यांची नावं वेगळी. डोळे बाहेर आलेली ती 'बेडकी'. जिच्यात काही वाईट नाही आणि म्हणून काही चांगलंही नाही, ती 'मास्तरीण'. आणि उंच, अरुंद, डोक्याला भरपूर जागा असलेली ती 'उंटीण'. या तिघींमध्ये आम्ही वर्ष काढलं. बेडकी वळणावर डुलायची. मास्तरणीच्या आत नव्या प्लास्टिकचा वास यायचा. उंटीण अण्णांना मनापासून आवडली होती, पण तिची मागची काच निम्मी खाली जाऊन अडायची. अण्णा त्या अडलेल्या काचेवर बोट फिरवत म्हणायचे, "एवढ्यासाठी राहिलं बघा. चार बोटं."

अण्णांना गाडी चालवता येत नाही, हे मला सतराव्या महिन्यात कळलं. मी बावचळलोच. दोन डझन गाड्या तपासलेल्या माणसाकडं साधं लायसन्सही नाही! ज्याच्या भरवशावर मी माझं घोडं अडवून ठेवलं होतं तो उंटावरचा शहाणा निघाला होता, तोही मागच्या सीटवर बसणारा. मी विचारलं तर अण्णा जराही ओशाळले नाहीत.

"चालवायला काय, कुणीही चालवतंय. बसायचं अवघड आहे हो."

घरी मी हे सांगितल्यावर प्राजक्तानं लॅपटॉप मिटला. "मंदार, आय ॲम सीरियस. तुला गाडी हवीये की अण्णा हवेत, एकदा ठरव." मी म्हणालो, उंटिणीचं नवं रूप येतंय, तेवढं बघू. प्राजक्ता म्हणाली, "बघ. तू त्यांच्यासारखंच बोलायला लागलास." खरंच लागलो होतो. ऑफिसात एकानं विचारलं, जेवायला येतोस का, तर मी म्हणालो, थांबा स्वल्प.

उंटिणीचं नवं रूप येतंय ही बातमी अण्णांनीच आणली होती. विमानतळाच्या रस्त्यावर ती चाचणीसाठी फिरते, असं त्यांना कुणा शोरूमवाल्यानं सांगितलं. बाजारात यायच्या आधी या गाड्या ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना नखशिखांत काळ्यापांढऱ्या नक्षीचे कागद चिकटवलेले असतात. अण्णांनी लगेच नाव ठेवलं, 'रांगोळीवाली'. आणि एका शनिवारी सकाळी आम्ही माझ्या स्कूटरवरून तिच्या शोधात देवनहळ्ळीकडं निघालो. अण्णा मागच्या सीटवर, हे सांगायला नकोच.

तीन शनिवार हात हलवत परतलो. चौथ्या शनिवारी देवनहळ्ळीच्या अलीकडं एका इडलीच्या हॉटेलसमोर ती उभी दिसली. आतमध्ये तिचा ड्रायव्हर वड्याचा तुकडा सांबारात बुडवत होता. अण्णा सरळ त्याच्यासमोर जाऊन बसले आणि कन्नडमध्ये विचारू लागले. मला कन्नड निम्मंशिम्मं कळतं, पण प्रश्न पाठच होता. मागची काच पूर्ण खाली जाते का?

"हेळक्के आगल्ला सार्," तो म्हणाला. सांगता येणार नाही. कंपनीचा नियम.

अण्णांनी त्याला आपला कारखाना, आपली नोकरी, आपला तपासणी विभाग, सगळं सांगितलं. तो मान हलवत ऐकत राहिला, पण बधला नाही. मग अण्णांनी खिशातलं लिंबू काढून त्याच्या ताटलीशेजारी ठेवलं आणि अगदी हळू आवाजात काहीतरी बोलले. ते मला कळलं नाही. ड्रायव्हरनं लिंबाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, हात धुतले आणि एक अक्षर न बोलता जाऊन गाडीत बसला.

अण्णांचं तोंड उतरलं. गाडी सुरू झाली, रस्त्याला लागली. आणि जाता जाता तिची मागची डावी काच खाली येऊ लागली. निम्म्यावर आली, अडली नाही. आणखी खाली आली, आणि दारात पार दिसेनाशी झाली.

"पूर्ण!" अण्णा हॉटेलच्या पायरीवर उभे राहून ओरडले. "पूर्ण गेली हो पाटणकर! चारी बोटं गेली!"

त्या आनंदात त्यांनी आणखी दोन ताटल्या इडल्या मागवल्या. मी विचारलं, त्याला तुम्ही शेवटी काय सांगितलंत? अण्णा चटणीत बोट फिरवत राहिले.

"काय सांगणार? बायकोला गाडी लागते, म्हणालो."

मग तिथंच त्यांनी मला सगळं सांगितलं. अक्कांचं माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यात. आईवडील लहानपणीच गेलेले, थोरल्या भावानं, दादांनी, वाढवलं, लग्न लावून दिलं. लग्नानंतर अण्णा त्यांना एकदाच माहेरी घेऊन गेले, एसटीनं. येताना अक्कांना गाडी लागली. "उलटी झाली नाही. आवरून धरली तिनं. पण तोंड पांढरं पडलेलं. बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली, एक शब्द नाही. घरी आल्यावर म्हणाली, मला गाडी सोसत नाही, मी आता जायची नाही. चाळीस वर्षं झाली."

त्या चाळीस वर्षांत दादाच कधीमधी बंगळूरला यायचे. आता त्यांचे डोळे चाललेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला होता, दिसतंय तोवर एकदा येऊन जा म्हणून. फोन ठेवल्यावर अक्का स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या. भांडी आधीच घासलेली होती.

"रेल्वेनं न्या की," मी म्हणालो.

"रेल्वे बेळगावापर्यंत. पुढं गाडीच की."

"मग टॅक्सी?"

"त्यात आधी बसलेल्या माणसाच्या सेंटचा वास असतो. काय बोलायलाय तुम्ही!" अण्णांना माझ्या अज्ञानाची कीव आली. गावात मेट्रो सुरू झाली तेव्हा अक्कांना बसवण्याआधी हे एकटे लिंबू घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले होते. मेट्रोलाही पिवळा टॅग मिळाला होता.

त्या दिवसापासून मी तक्त्यात त्रेचाळिसावा रकाना घातला. मागची काच.

सहा महिन्यांनी रांगोळी उतरवून नवी उंटीण बाजारात आली. पहिल्याच शनिवारी आम्ही शोरूमवर हजर. या वेळी स्टिअरिंगवर मी बसलो. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावरून शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो. वळणावर डुलली नाही. खड्ड्यात आदळली नाही. वास नाही. काच चारी बोटं खाली. अण्णा डोळे मिटून, लिंबू धरून बसलेले. शोरूममध्ये परत आलो तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"काय अण्णा? पास?"

अण्णांनी डोळे उघडले, खिशात हात घातला आणि पिवळा टॅग काढला. "थांबा स्वल्प. पुढच्या वर्षी हिचंच फेसलिफ्ट यायलंय."

माझा तोल गेला. दोन वर्षांचे शनिवार, स्कूटरवरून खाल्लेली धूळ, प्राजक्ताची बोलणी, सगळं एकदम वर आलं. मी म्हणालो, "अण्णा, खरं सांगू? तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये. चकटफू फिरायला मिळतं म्हणून येता तुम्ही."

बोलून गेलो आणि जीभ चावली. अण्णा रागावले नाहीत. लिंबू या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "हिच्यात पण तिला लागली तर?"

मी इंजिन बंद केलं.

"आजपर्यंत सांगत आलो हो तिला, की गाड्याच वाईट आहेत, चांगली आली की जाऊ. ही चांगली आहे. हिच्यात काही खोट नाही. मग हिच्यात लागली तर तिला काय सांगू? दादा आता आहेत की नाहीत असे. पिवळा आहे तोवर निदान जाऊ म्हणता येतंय."

मला स्वतःचीच लाज वाटली. सोमवारी जाऊन मी तीच गाडी बुक करून आलो. त्रेचाळीसपैकी एकही रकाना उघडून बघितला नाही. प्राजक्तानं रंग सांगितला, निळा. दोन वर्षांत घेता न आलेला निर्णय चहा गार व्हायच्या आत झाला, आणि याचं श्रेय कुणीच मला दिलं नाही.

गाडी घरी आली. पूजा झाली. चाकांखाली ठेवायला भटजींनी चार लिंबं मागितली. अण्णांच्या घरात साठाच होता, पण देताना त्यांचा हात जरा अडखळला. अक्का दारात उभ्या राहून लांबूनच बघत होत्या. "छान आहे हो," एवढंच म्हणाल्या आणि पापड उलटायला वळल्या.

पुढच्या आठवड्यात अण्णा पेन्शनच्या कुठल्याशा कागदासाठी बँकेत गेले होते. मी खाली गाडी पुसत होतो. दोन वर्षांनी मिळालेली गाडी माणूस जरा जास्तच पुसतो. अक्का बाहेर आल्या, फाटकाकडं एकदा बघितलं, पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ऐसपैस बसल्या.

"चला मंदार, स्वल्प फिरवून आणा. ते यायच्या आत."

मी घाबरलो. डिकीतून दोन प्लास्टिकच्या पिशव्या काढून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या घडी घालून खणात ठेवल्या. रिंग रोडला लागलो तशी अक्कांनी काच वर केली, एसी स्वतःच वाढवला, पदराखालून चिवड्याची पुडी काढली आणि खाऊ लागल्या. मला पण दिला. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक त्यांच्यावर ठेवून चालवत होतो. त्या लहान मुलीसारख्या डावीउजवीकडं बघत होत्या. हा पूल कधी झाला, ती इमारत कसली, विचारत होत्या.

"अक्का, मळमळत नाही ना?"

"मला गाडी लागत नाही हो," अक्का म्हणाल्या. "कधीच लागली नाही."

मी गाडी कडेला घेतली.

"त्या वेळी आम्ही दादाकडं गेलो ना, तेव्हा घर भरून पाहुणे होते. हे बाहेर नळावर पाय धूत होते. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, जावयानं बहिणीला एसटीत कोंबून आणलीय, पुढच्या खेपेला आधी कळवा, बैलगाडी तरी पाठवतो. सगळे हसले. ह्यांनी ऐकलं नाही. पाय धुवून आले नि त्यांच्यातच बसून हसायला लागले, कशाला हसायचं ते माहीत नसताना." अक्कांनी चिवड्याची पुडी मिटली. "मला वाटलं, माझ्या माणसाला हसतात तिथं परत यायचं नाही. पण ह्यांना काय सांगू? दादानं मला वाढवलेलं. म्हणून मी म्हणाले, गाडी लागते."

"आणि चाळीस वर्षं..."

"एक खोटं बोलले आणि चाळीस वर्षं ह्या गावात बसमध्ये पाय ठेवला नाही. ह्यांच्या कारखान्याची म्हैसूरची सहल सोडली. आता दादा बोलावतोय. मला जायचंय हो. त्याच्यावरचा राग कधीच गेला. पण ह्यांना आता खरं कसं सांगू? दोन वर्षं लिंबू धरून बसलात ते उगाच, असं? निवृत्त झाल्यावर नुसते भिंतीकडं बघत बसायचे. हे शनिवार सुरू झाल्यापासून माणसात आलेत."

एका मागच्या सीटवर दोन माणसं चाळीस वर्षं एकमेकांना जपत बसली होती, आणि मी त्या काळात काय केलं, तर पेल्याच्या खाचा मोजल्या.

"तुम्ही न्याल का आम्हाला?" अक्कांनी विचारलं. "लागली नाही, तर ती गाडी चांगली म्हणून लागली नाही. एवढंच होऊ दे."

अण्णांना मी सांगितलं, नवी गाडी लांबच्या रस्त्याला एकदा पळवावी लागते, तेव्हा निपाणीलाच जाऊ. अण्णांनी दोन दिवस तो बेत होल्डवर ठेवला. तिसऱ्या दिवशी पहाटे ते लिंबांची पिशवी घेऊन जिन्याखाली उभे होते. प्राजक्ताला रजा नव्हती, पण तिनं फराळाचे डबे दिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हळू चालव." तिला मी सगळं सांगितलं होतं.

अक्का मागे, डावीकडे, अण्णांनी तपासलेल्या नेमक्या जागी. काच चारी बोटं खाली. शेजारी अण्णा, लिंबू घेऊन. तुमकूर मागे पडलं. "लागायलीय का?" अण्णांनी विचारलं. "नाही." चित्रदुर्ग आलं. "आता?" "नाही हो." अण्णांचा चेहरा मला आरशात दिसत होता. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मुलाच्या बापाचा असतो तसा. दावणगेरे, हुबळी. धारवाडला चहाला थांबलो तेव्हा अक्का हातातला पेढा संपवत म्हणाल्या, "कशी लागेल? तुम्ही बसून बघितलेली गाडी आहे ना."

अण्णा नळावर जाऊन तोंड धुवायला लागले आणि बराच वेळ धूतच राहिले.

दिवस मावळायच्या आत आम्ही खेड्यात पोचलो. दादा अंगणात खुर्चीवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, ताठ, डोळे मात्र भलतीकडं लागलेले. अक्का उतरून त्यांच्याजवळ गेल्या, हात हातात घेतला. मग दादा काठी टेकत गाडीपाशी आले आणि बॉनेटवरून तळवा फिरवत म्हणाले, "नवी दिसतीया. कुणाची म्हणायची?"

"ही ह्यांची, पाटण..." अण्णा सांगू लागले.

"अण्णांची," मी म्हणालो. "मी ड्रायव्हर."

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. पुन्हा तोंड उघडणार तोच अक्का म्हणाल्या, "थांबा स्वल्प."

दादांचा हात बॉनेटवरच होता. "जावईबापूंनी गाडी आणली म्हणा की," ते हळूच म्हणाले. "सुमे, लई वर्षांमागं मी एकदा ते बैलगाडीचं बोललो होतो. तुला आठवत असंल."

"कसली बैलगाडी? मला काही आठवत नाही, दादा," अक्का म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या सरावानंतर त्या किती सफाईनं खोटं बोलतात, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

सगळे आत गेले. आतून दादांचा आवाज आला, "त्या ड्रायव्हरला पण च्या द्या रं." तर मला अंगणात चहा मिळाला. त्रेचाळीस रकाने, दोन वर्षं, बँकेचे हप्ते, आणि महिन्याभरात मी स्वतःच्या गाडीचा नोकर झालो होतो. चहा मात्र फक्कड होता.

थोड्या वेळानं अण्णा एकटेच बाहेर आले. "तसं का सांगितलं हो तुम्ही?"

"तुम्हीच निवडलीत की अण्णा. मी नुसती चालवली. चालवायला काय, कुणीही चालवतंय."

अण्णांनी पाकीट काढलं. त्यातून तो एकुलता एक हिरवा टॅग निघाला, कडा मऊ पडलेल्या. त्यांनी तो सुतळीनं आतल्या आरशाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि आत निघून गेले. मी वाकून वाचलं. 'तपासणाऱ्याची सही' असं छापलेल्या जागी अक्कांची सही होती, आत्ताच केलेली; शाईही पुरती वाळली नव्हती.

कप पायरीवर ठेवून मी मागचं दार उघडलं आणि डावीकडे बसलो. स्वतःच्या गाडीत मागे मी अजून बसलोच नव्हतो. काच खाली केली. ती पूर्ण गेली. घरात अक्का आणि दादा कशाला तरी हसत होते, आणि त्यांच्यात अण्णांचंही हसू ऐकू येत होतं.